मुख्याध्यापिकांचा हीटर आणि तुझा ठिपका

चि. खारूताई,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे ठणठणीत. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तुझी आई माझ्याकडे देत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

पत्रास कारण की, मी तुझ्या पीएच.डी.च्या विषयावर भाषण दिलं. (आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.) तुमची मुलगी नेमकं करते काय, हे चार वर्षं ऐकून कान किटले होते. म्हणून रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. आकाशात फार लांब गॅमा किरणांचे स्फोट होतात, आणि स्फोट जितका प्रखर तितकी त्याच्या किरणांची ऊर्जा जास्त, हे तुझंच वाक्य घडाघडा म्हटलं. मग पडदे ओढून दोनशेचा बल्ब डिमरवर लावला. मंद असताना तांबूस, वाढवला की पिवळा, पूर्ण सोडला की पांढरा! (स्फोट म्हणजे बल्ब नव्हे, कळतं मला. पण जन्मभर वायरिंग केलेला माणूस दुसरं काय आणणार?) टाळ्या पडल्या आणि मी जरा फुगलो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या, घरून आपला हीटर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याचा उजेड एवढा, की त्यात मी पेपर वाचते. मग हा लालच कसा?" आणि त्यांनी तो लगेच माझ्याच बोर्डाला लावला. अख्ख्या इमारतीची वीज गेली. सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले. (ते आभार मानायला वर येत होते. आभार राहिलेच.) एका बोर्डावर एवढा लोड टाकू नका म्हणून मी आजवर किती जणांना झापलंय, ते तुला माहीत आहे.

पण त्या हीटरवरून तुझा ठिपका आठवला. परवा तू आईला फोनवर सांगत होतीस, एक स्फोट चांगला प्रखर आहे पण ऊर्जा कमी, आलेखात त्याचा ठिपका बाकीच्यांच्या रेषेपासून लांब पडतो, आणि सर म्हणतात, चूक असेल, काढून टाक. (मी ऐकत नव्हतो. शेजारचं सॉकेट घट्ट करत होतो. ते आधीच घट्ट होतं.) पोरी, मीटर भलता आकडा दाखवायला लागला तर आम्ही आधी मीटर तपासतो, तो ठीक निघाला तर भिंत फोडून वायर बघतो. आकडा खोडणाऱ्याला आमच्यात कुणी शिडीवर चढू देत नाही. तू तीनदा तपासलंस ना? मग राहू दे ठिपका. सरांना नीट, नम्रपणे सांग. चार वर्षांचं काम त्यावर अडलंय, हे मला कळतं. आणि मला तुझा फार अभिमान वाटतो, हेही एकदाचं लिहून टाकतो.

तुझा,
बाबा

ता. क. ठिपका राहणारच, असं मी भर सभेत सांगून बसलोय. ते मनावर घेऊ नकोस. सरांचं बरोबर निघालं तर खुशाल काढ. मुख्याध्यापिकांना मी तोंड देईन.

आणखी ता. क. भाषणाचं वगैरे निमित्त. त्या फोनवर तू रडत होतीस. पुढच्या वेळी मला फोन कर. आईसारखं बोलणं मला जमत नाही, मी लगेच दुरुस्ती सांगत सुटतो. या वेळी नाही सांगणार. नुसता फोन कानाला लावून बसेन.