मागच्या चाकांची जागा

४ जानेवारी

पत्र्याचं काम करणारा डेंटर आला. गाडीखाली बराच वेळ आडवा! बाहेर आला तो पाठभर तेल माखून. "काकू, हे टायर मागे बसणार नाहीत. मुंगी शिरायलाही जागा नाही." मी म्हटलं, बसत नाहीत म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं.

टायर माझ्या मुलाने आणलेले, तो गेला त्याच्या थोडं आधी. तेव्हापासून त्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहेत. मी पुसते. दार उघडलं की नव्या रबराचा वास येतो — वाटतं, आत कोणीतरी नुकतंच आलंय.

"एवढे रुंद कशाला रे?" विचारलं होतं मी. "मागून बघशील ना आई, कशी ठाण मांडून बसलेली दिसेल!"

७ जानेवारी

दोन पर्याय आहेत म्हणे. एक, चाकावरची कमान कापून आत सरकवायची. मग मागची सीट जाते. दुसरा, रिम बदलून चाकं बाहेर घ्यायची आणि मडगार्ड कापून फुगवायचं. मग सीट राहते, पण गाडीचा आकार बदलतो.

मी लगेच म्हटलं, आत. मुलाचं तसंच ठरलं होतं. दारापासून शेपटीपर्यंत एक रेघ वाहत जाते, तिच्यासाठीच त्याने ही माझ्या वयाची गंजकी गाडी घेतली. "बाकी काहीही कापू, आई. ही रेघ नाही." आणि मागे बसणार कोण? सून आणि मी, दोघीच. दोघी पुढे.

डेंटरला विचारलं, आत माया किती आहे? जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात, शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडण्यात गेला, तोंडात तेच शब्द. तो हसला. "काकू, पत्र्याला कसली माया? कापलं की गेलं."

८ जानेवारी

सुनेला आज पुन्हा उशीर. विचारलं नाही.

१२ जानेवारी

दुपारी गॅरेजमध्ये गेले. गाडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. झरोक्यातून उन्हाचा पट्टा तिच्या खालून आरपार जात होता. जमिनीला टेकलीच नाहीये असं वाटलं! मागच्या सीटवर बसले — काढण्याआधी एकदा. डोळा लागला.

गाडी चालली होती. खाली रस्ता नव्हता, नुसता उजेड. तो चालवत होता. मला फक्त मान दिसत होती, कानामागचा तीळ. हाक मारायची होती, पण घाई वाटत नव्हती. पुढे खूप वेळ आहे, असंच वाटत होतं.

जाग आली तर सून दारात. "आई, इथे झोपलात?" तिला आणखी काही सांगायचं होतं. मग म्हणाली, चहा टाकते.

१५ जानेवारी

सून फोनवर बोलताना हसली. मोठ्याने! किती दिवसांनी ऐकलं. बरं वाटलं, आणि उठून त्याच्या खोलीतले टायर पुसत बसले.

डेंटरला म्हटलं, जरा थांबा. का, ते त्यालाही सांगता येईना.

१९ जानेवारी

सांगितलं तिने. भाजी निवडताना, मान खाली घालून. ऑफिसातलाच आहे. त्याची बायको वारली. सहा वर्षांची मुलगी आहे.

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही, आई."

मी शेंगा सोलत राहिले.

"आणि तुम्हाला सोडून जाणार नाही. त्याला आधीच सांगितलंय, येऊ तर दोघी येऊ."

"सासूला आंदण नेणारी तू पहिलीच!" म्हटलं. ती हसली, आणि हसता हसता रडली.

मी हो म्हटलं नाही. नाही, असंही नाही.

२० जानेवारी

गॅरेज उघडलं नाही.

२१ जानेवारी

ते दोघं आले, बाप-लेक. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, हात पाठीमागे बांधून. कशालाही हात लावला नाही. चांगला आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पोरगी मात्र थेट मागच्या सीटवर! "आजी, हिला पाय का नाहीत?"

"लावायचेत."

"मग मी तोवर बसून राहते."

खरंच बसली, हात मांडीवर ठेवून, बाहेर बघत. खिडकीतून नुसती भिंत दिसते. ती काय बघत होती कोण जाणे. निघताना ओढून काढावी लागली.

ते दोघं गेल्यावर त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. थंड पत्रा. मुलाचे कपडे देऊन टाकले, पुस्तकं दिली. त्याला ज्याचं वेड होतं असं एवढंच उरलंय. यालाही करवत लावायची?

सून स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मुद्दाम हळू, आवाज न करता. माझ्या उत्तराची वाट बघते आहे. विचारत नाही.

२३ जानेवारी

डेंटर ग्राइंडर घेऊन आला. म्हटलं, बाहेरून कापा.

"आणि ती रेघ, काकू?"

"जाऊ दे. मागे आम्ही दोघी बसणार. मी, आणि एक सहा वर्षांची."

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.