लुंबिनीसाठी दिलेल्या डब्या

२ सप्टें., मंगळ.
सकाळपासून आईकडे डब्या येतायत. कॉलनीतल्या बायकांनी ठरवलंय, लुंबिनीची माती आईनं आणायची. औषधाच्या, क्रीमच्या, चुन्याच्या, मिळेल त्या डब्या. आईला वाचता येत नाही, पण कुठली कुणाची ते झाकणावरून सांगते. शेजारच्या सुमनमावशीची लाल झाकणाची. मी म्हटलं, बॅगेत कपडे कुठे ठेवू? "माझं एक पातळ कमी कर."

५ सप्टें., शुक्र.
द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रेल्वे चुकते की काय! मिळाली. सगळी टूर एका डब्यात. डिसेंबरात जायचं होतं, पण तेव्हा थायलंड-जपानचे लोक हॉटेलं भरून टाकतात, भाव आपल्या हाताबाहेर. म्हणून हा पावसातला स्वस्त सौदा. कोरोनाच्या वर्षी वडिलांचं, अण्णांचंही तिकीट होतं. टूर रद्द झाली, नंतर अण्णाच गेले. आई खिडकीशी बसली की शेजारची जागा रिकामी ठेवते. मी तिथे बॅग ठेवली तर रागावली.

७ सप्टें., रवि. सारनाथ
तिकिटासाठी मोबाईलवर कोड स्कॅन करा म्हणे. नेट नाही. आईनं गेटावरच चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, "माताजी, जरूरत नहीं." तरी अनवाणीच. फरशी तापलेली. स्तूपासमोर एक जोडपं लग्नाआधीचं शूटिंग करत होतं. त्यांचं होईपर्यंत आम्ही बाजूला थांबलो. का थांबलो कोण जाणे.

९ सप्टें., मंगळ. बोधगया
बाहेर पिंपळाची पानं प्लॅस्टिकमध्ये घालून विकायला. आत खाली पडलेलं एक पान मिळावं म्हणून आई किती वेळ बसली. पडलं की चार हात धावतात. हिला गुडघ्यामुळे उठायला होत नाही. मीही पळालो नाही, लाज वाटली.
संध्याकाळी हॉटेलच्या टीव्हीवर नेपाळ. काठमांडू पेटलंय. आंदोलनात पोरं मेली. टूरवाले भाऊ म्हणतात, लुंबिनी लांब आहे, काही होत नाही. फोनवर मात्र हळू बोलत होते.

११ सप्टें., गुरु. सोनौली
नेपाळची सीमा बंद. ट्रकांची रांग. कमानीपलीकडचं दुकान इथून दिसतं, त्यावरची बनियनं दिसतात. शिपायाला हात जोडले. "उधर से अपने लोग आ रहे हैं, इधर से कोई नहीं." त्याचं तरी काय चुकलं? मला फार राग आला, कुणावर काढायचा तेच कळेना.
भाऊ म्हणाले, "माती इथलीच घ्या, कोण बघतंय?" सगळ्यांनी रस्त्याकडेची घेतली. मीही लाल झाकणाची डबी भरली, आईच्या हातात दिली. तिनं तिथंच उलटी केली, पदरानं आतून पुसली.
"आई, असल्या गुडघ्यांनी इतकी लांब आलीस, आणि..."
"तिकडं किती आयांची पोरं गेली रे. माझं काय एवढं."
बसमध्ये मात्र तोंड खिडकीकडे करून रडली. मला दिसू नये म्हणून. दिसलं.

१४ सप्टें., रवि. घरी
कॉलनीच्या तोंडाशी बॅनर, आईचा फोटो, 'लुंबिनीहून परतल्याबद्दल अभिनंदन'. आधीच छापलेला. बायका पाया पडतायत, जयभीम घालतायत. विहारात इतरांनी सोनौलीची माती पिंपळाच्या बुंध्याशी वाहिली, वंदना झाली. आई मागे खुर्चीत. डब्यांची पिशवी मांडीवर.

१६ सप्टें., मंगळ.
सुमनमावशी आली, "माझी डबी, ताई?" आईनं सरळ सांगितलं, "लुंबिनी झालीच नाय गं. सीमेवरून मागं आलो."
"मग विहारात वाहिली ती?"
मावशी माझ्याकडे बघत राहिली. मी चहा ठेवायला उठलो. मावशी चहा न घेताच गेली. आता कॉलनीभर होणार, आणि सगळ्या टूरचा रोष आईवर.

२१ सप्टें., रवि.
सीमा उघडली. भाऊंना फोन केला. "आता सीझन लागतोय, साहेब. दुप्पट धरा." डॉक्टर म्हणतात, या गुडघ्यांवर प्रवास नको. हे आईला सांगितलेलं नाही.
दुपारी बघतो तर सगळ्या डब्या धुऊन गॅलरीत उन्हात उपड्या. म्हटलं, चला, परत करायच्या असतील. मी पोचवतो म्हणालो.
"राहू दे. कोरड्या झाल्या की बॅगेत भर. आपल्याला कधी निघायचंय?"