विजेच्या गाडीत आग विझू दिल्याच्या दोषांकांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
उपनगरी प्रवासी वाहतूक,
होबोकेन, न्यू जर्सी.

विषय : ‘कामावर असताना भट्टीतील आग विझू दिली’ म्हणून विजेच्या गाडीत दिलेले दोषांक रद्द करून ड्रायव्हरच्या परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नकाराची तिन्ही पत्रे.

महोदय,

मी, डेनिस मुल्कही, राहणार ऑरेंज, या रेल्वेमार्गावर १९०९ पासून फायरमन आहे. आपण तीनदा नाही म्हटल्यामुळे चौथ्यांदा अर्ज करणे भाग पडले.

१. इंजिनात उजवी बैठक ड्रायव्हरची आणि डावी फायरमनची. डावीकडच्याने वर्षानुवर्षे कोळसा टाकायचा आणि पाळी आली की परीक्षा देऊन उजवीकडे बसायचे, असा आमच्यातला रिवाज. माझे वडील उजवीकडे बसूनच निवृत्त झाले. माझी पाळी आली आणि आपण विजेच्या तारा ओढल्या.

२. विजेला माझा विरोध नव्हता. पहिली विजेची गाडी आली तेव्हा सारे ऑरेंज फलाटावर टाळ्या वाजवत होते आणि सर्वांत मोठ्याने माझी पत्नी विनिफ्रेड. दोरीवरचे कपडे काळे होतात म्हणून ती लग्नापासून माझ्या इंजिनाच्या नावाने बोटे मोडत होती. गाडीच्या अगदी पुढच्या काचेमागे स्वच्छ शर्टात बसलेला मी तिला दिसलो. ती शेजारणींना ओरडून म्हणाली, “बघा गं, माझा डेनिस गाडी चालवतोय! काजळी सुटली एकदाची!” मी हात हलवला.

३. संघटनेशी झालेल्या करारामुळे विजेच्या गाडीतही फायरमन ठेवणे आपणांस भाग आहे. म्हणून मी डावीकडे बसतो. कशालाही हात लावण्यास मला मनाई आहे. ड्रायव्हर श्री. ऑटो क्रेमर हे रोज सकाळी थट्टेने विचारत, “काय डेनिस, आज वाफ कशी काय?” हल्ली विचारत नाहीत. ते मला जास्त लागते.

४. गाडी बदलली, नियमपुस्तक वाफेच्या काळचेच राहिले. गेल्या वसंतात आपले तपासनीस आले व त्यांनी भट्टीची चौकशी केली. भट्टी नाही, असे सांगताच त्यांनी ‘आग विझलेली आढळली’ असे लिहून मला दोषांक दिले. मी हात जोडले. ते म्हणाले, “अहो मुल्कही, नियम काय मी केलाय? रकाना रिकामा ठेवला तर माझी मान अडकते.” तेव्हापासून प्रत्येक तपासणीत आग विझलेलीच आढळते. दोषांक असलेल्यास परीक्षा नाही. शिवाय आपण कळवता की भट्टीशिवाय केलेली नोकरी फायरमनची धरता येत नाही. म्हणजे दोषांक देण्यापुरती माझी भट्टी आहे आणि परीक्षेच्या वेळी ती नाही. हा कुठला न्याय?

५. नियम पाळावा या एकाच हेतूने मी जानेवारीत बिस्किटांच्या डब्यात थोडा कोळसा पेटवून पायाशी ठेवला. श्री. क्रेमर खोकले आणि त्यांनी खिडकी उघडली. तपासनिसांनी मात्र ‘विजेच्या गाडीत आग लावली’ म्हणून वेगळे दोषांक दिले.

६. फायरमनचे फावडे त्याचे स्वतःचे असते, दुसरा त्याला हात लावत नाही. माझे फावडे उद्‌घाटन समारंभापुरते म्हणून आपल्या माणसांनी नेले. ते आता होबोकेन स्थानकाच्या दालनात काचेआड टांगले आहे. खाली पितळी पाटी : ‘डेनिस मुल्कही, शेवटचा फायरमन, १९०९–१९३०’. त्याखालूनच मी रोज कामावर येतो. गेल्या आठवड्यात एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, “टोपी काढ, राजा. गेले ते बिचारे.” मुलाने टोपी काढली. मी मागेच उभा होतो. मीही काढली.

७. माझी आग १९३० साली संपली हे कंपनीने स्वतः पितळेवर कोरून ठेवले आहे. मग १९३१ साली मी कोणती आग विझू दिली, याचा खुलासा व्हावा.

८. विनिफ्रेडने त्या दिवशी जे पाहिले तेच ती आजही खरे मानते. माझे शर्ट ती स्वतः इस्त्री करते आणि रविवारी चर्चबाहेर ‘ड्रायव्हरची बायको’ म्हणून मान ताठ करून उभी राहते. तिला खरे सांगण्याची माझी छाती झाली नाही. येत्या ईस्टरला तिला बहिणीकडे न्यूयॉर्कला जायचे आहे. फेरीबोटीची वाट त्याच दालनातून जाते, आणि तिला चांगले वाचता येते.

तरी ईस्टरपूर्वी मला परीक्षेस बसू द्यावे. तेवढे जमत नसल्यास पाटी तरी उतरवावी. दोन्ही जमत नसल्यास आपला नकार कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये. तो फावड्याखाली ठेवावा, मी रोज तिथूनच जातो.

आपला आज्ञाधारक व नम्र,
डेनिस मुल्कही
फायरमन (डावी बैठक)

ऑरेंज, २९ फेब्रुवारी १९३२

सोबत : कोळशाचा एक खडा, शेवटच्या इंजिनातला. आपल्या कार्यालयात कोणी ओळखत असल्यास पाहून परत करावा.