गमतीजमती नकोत

मु. मिल्टन

प्रिय शीलाअक्का, सप्रेम जयभीम.

महिनाअखेरीला मैत्रेयीचा वर्ग तुझ्याशी व्हिडिओवर बोलणार, असं तिच्या टीचरनी काल पक्कं केलं.

शाळेत जुन्या गिरण्यांतल्या बालकामगारांचा धडा चालला होता. "अशी मुलं आता नसतात," टीचर म्हणाल्या. आपली पोर उठली, "माय आत्या रोल्ड बिडीज ॲट एट!"

"पणजी म्हणायचंय ना तुला?" टीचर हसल्या.

"नो मिस. आत्या."

तू कामठीत बिड्या वळत राहिलीस, म्हणून मी शाळेत गेलो. इथे सातासमुद्रापार आम्ही मजेत आहोत. तुझा खोकला कसा आहे?

टीचर म्हणतात, मुलं घाबरतील, गमतीजमतीच सांगा. तू मात्र बिड्यांची तोंडं दुमडून झिजलेली नखं कॅमेऱ्यासमोर धर. बाकीचं मैत्रेयी सांगेल.

तुझाच,
बुद्धभूषण