ओवीचा घसा

बुधवार, दिवेलागण

नात माझी, ओवी, सहा वर्षांची, शेजारीच झोपली आहे. लाळ गळते का म्हणून उशीवर दोनदा हात फिरवला. कोरडी आहे.

सोमवारी घसा दुखतो म्हणाली. मी मधात हळद कालवून अंगठ्याने तिची पडजीभ उचलली. चामटोली गावात राहत होतो तेव्हा सगळ्या आळीची पोरं माझ्याकडेच आणायचे ना! काल ताप चढला. सून म्हणाली, "आई, डॉक्टरकडे नेते." मी म्हटलं, "थांब गं, उतरेल." का म्हटलं असं? आज सकाळी पोरीला थुंकीसुद्धा गिळवेना, लाळ गळायला लागली. मग सुनेने मला न विचारताच रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आजी, थुंकी गिळवत नसेल, श्वास अडत असेल, तर लगेच आणायचं. घशात बोट तर घालायचंच नाही." सलाईन लावलं. पाणी घशाखाली गेलं तेव्हाच घरी सोडलं. पुन्हा गिळवेना झालं तर लगेच या, बरं वाटलं तरी औषध पूर्ण द्या, म्हणाल्या.

परत उशी चाचपली. कोरडीच.

आत्ता उठली. सुनेने पेज भरवली, अर्धी वाटी गेली! मग ओवी चिडली, "अळणी आहे ही!" मला हसूच आवरेना.

सून म्हणाली, "आई, हसताय काय? मीठ आणा."

आणलं बाई, धावत आणलं.