डाव्या हाताची बटणं

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

कापला. आता परत जोडता येणार नाही.

टीव्हीवरच्या गेमचा डबा, मी आठवीत असताना बाबांनी आणलेला. त्याचा बोर्ड आज कापला. तीन दिवस रेघ आखत होतो, पुसत होतो. रेघेच्या आतलं कामाचं, बाहेरचं फेकायचं. इथे दिल्लीत मुनिरकाच्या ज्या मोबाईल दुकानात मी रिपेअरला बसतो, तिथल्या मालकांनी छोटं कटर दिलं. "सोच ले भाई, कट गया तो गया." नेटवर ज्यांनी असे घरचे गेम कापून हातात धरता येतील असे केलेत, त्यांतल्या अर्ध्यांचे बोर्ड मेले. त्यांनीच लिहिलंय तसं.

पण टीव्ही काही डायलिसिसला नेता येत नाही.

मंगळ, गुरू, शनी. प्रत्येक वेळी चार तास. बाबा म्हणाले, "छतावरचे ठिपके मोजून झाले. आता उलटे मोजतोय." घरी आले की झोपतात. आमची संध्याकाळची कारची रेस नोव्हेंबरपासून बंद. मी बारावीला दोनदा नापास झालो, मग आयटीआय सोडलं, तेव्हापासून आम्ही बोलायचो ते फक्त रेस खेळताना. "मूर्खा, भिंतीत घातलीस!" एवढंच. पण बोलायचो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोर्डाला लावला की मीटर वाजतोय. कापलेल्या कडेला तांब्याचे दोन थर चिकटलेत. शॉर्ट. करंट दिला तर संपलं.

बाबांना सोडायला गेलो होतो. नेहमीसारखा काचेच्या दारापर्यंत. आत स्वरूपा जाते, मी खाली बाकावर बसतो. पहिल्या दिवशी आत डोकावलो होतो. लाल नळ्या दिसल्या. मग जमीन. शुद्धीवर आलो तेव्हा वॉर्डबॉय माझ्या तोंडात बिस्किट कोंबत होता. धाकटी बहीण आत, मी बाहेर! कोणी काही म्हणत नाही. म्हटलं असतं तर बरं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून बाल्कनीत पॉलिश पेपरने कड घासली. घासायची, मीटर लावायचा, वाजला की पुन्हा घासायची. पावणेचारला वाजायचा थांबला. दहा वेळा तपासलं. मग करंट दिला.

छोट्या स्क्रीनवर चित्र आलं! आईला ओरडून बोलावलं. "अगंबाई, हे एवढंसं?" म्हणाली. हातातली कणिक माझ्या बाहीला लागली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी कागद पाहिला. सरप्राइज देणार होतो, पण पलंगावरच राहिला. खोक्याचं पुढून चित्र, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आधी त्यांनी शुद्धलेखन तपासलं. आमच्या शाळेत मराठी नव्हतं, मला त्यांनीच घरी शिकवलं. चूक एकही निघाली नाही.

मग चष्मा काढून बराच वेळ चित्रच बघत होते.

"डावीकडे काय?"

"कार वळवायची. उजवीकडे स्पीड आणि ब्रेक."

"म्हणजे दोन्ही हात लागणार."

"हो. टीव्हीवर खेळायचो तस्संच."

"अच्छा," म्हणाले. कागद नीट घडी करून दिला. "छान आहे. बिल्कुल असंच ठेव. काही बदलू नकोस."

आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बोर्ड गरम होतोय. पंख्याचं भोक तीन मिलिमीटर मोठं केलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू.

काल तयार झाला. खोकं इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या स्विचबॉक्सचं, कडा गोल केलेल्या. वजन ४१२ ग्रॅम. बॅटरी चार तास पंचवीस मिनिटं, दोनदा मोजली. आज स्वरूपाच्या हाती आत पाठवला. खाली बाकावर बसून मी बाबांच्या कारचे फेरे मोजत होतो, मनात.

दहा मिनिटांत ती खाली आली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"दादा, तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"सुया चारही तास आतच असतात. डावा हात हलवायचा नसतो. हलला की मशीन बोंबलतं, सिस्टर धावत येते."

बाबांच्या डाव्या हातावरची ती फुगलेली शीर मी रोज बघतो. मला वाटायचं, इंजेक्शनसारखं असेल. टोचलं, झालं. स्क्रूची लांबी मोजली, वायरची जाडी मोजली. तो हात विचारात घेतला नाही.

"एकदा तरी आत आला असतास ना यार," म्हणाली. रागाने नाही. म्हणूनच जास्त लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सगळी बटणं उजवीकडे आणायची तर खोक्यात जागा नाही. बोर्ड वेगळ्या रेघेवर कापायला हवा होता. दुसरा बोर्ड नाही. पाच चित्रं काढली, पाचही फाडली. बाबांसमोर जात नाही. जेवणाचं ताट बाल्कनीत घेतो.

उद्या स्वरूपाचा पेपर आहे. आई म्हणाली, मी रजा टाकते, मी बसते आत. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "रजा कशाला? धनू येईल."

मला विचारलंसुद्धा नाही!

आत पडलो तर? त्यांच्या नळ्यांवरच पडलो तर?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आत गेलो. नळ्यांकडे पाहिलं नाही. नंतर एकदा पाहिलं. पडलो नाही.

बाबांच्या पोटावर उशी ठेवली, उशीवर गेम. उजवीकडची बटणं त्यांनी धरली, डावीकडची मी. पहिल्याच वळणावर भिंतीत.

"ब्रेक मारा ना, बाबा!"

"तू आधी वळव, मूर्खा!"

सिस्टर म्हणाली, "अंकल, धीरे." चार तास झाले ते कळलं नाही.

सुया काढताना विचारलं, त्या दिवशी चित्र बघूनच कळलं होतं ना तुम्हाला? मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर तू एका हाताचा करून दिला असतास," म्हणाले. "आणि बसला असतास खाली."