पिवळा रंग की पांढरा जेलकोट?

मंगळवार, १२ मे. जळगाव

धुळ्याच्या वर्कशॉपमधून आज पुन्हा फोन आला. आमच्या मोटरहोमला, म्हणजे चाकांवरच्या घराला, पांढरा जेलकोटच, फायबरवरचा मूळचा जाड थर, ठेवायचा की पूर्ण रंग द्यायचा, ते लगेच कळवा म्हणाले. जेलकोटवरचा ओरखडा घासून निघतो, रंगावरचा सहज निघत नाही. आणि गाडी चालवणार मी, साठीत शिकलेली! कालच जुनी कार फाटकाला घासली. म्हणून पांढराच, असं मनाशी ठरवलं होतं.

चहा घेताना ह्यांना विचारलं. डॉक्टरांनी नजर जात चालल्याचं सांगितल्यापासून हे कमीच बोलतात. म्हणाले, "पिवळा सांग. पिवळं अजून दिसतं मला."

ओरखडे पडतील, पडणारच. तरी मी लगेच फोन करून पिवळा सांगितला. गाडी तयार व्हायला दोन महिने लागतील म्हणे. दोन महिने! तोवर दिसेल ना ह्यांना?